मेजर रॉबर्ट गिल: जन्म-मृत्यूची खात्रीची नोंद कुठे सापडेल? (लोणार-मेहकरच्या जुन्या फोटोंवरून पडलेला प्रश्न)

पैनगंगाकाठची_बाई

नमस्कार. प्रश्न लांब आहे. पण मागचं सांगितलं नाही तर मला नेमकं काय पाहिजे ते कळायचं नाही.

मी मेहकर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. सोयाबीन निघालं, पोरं पुन्हा रोज शाळेत यायला लागली, तेव्हा आम्ही लोणारला सहल नेली. सरोवर दाखवून झालं, मग गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गेलो. आदल्या दिवशी मी नेटवरून त्या मंदिराचा १८६० च्या दशकातला एक फोटो छापून घेतला होता. पोरांना म्हटलं, हा कागद घ्या आणि तेव्हाच्या देवळात अन् आजच्या देवळात काय फरक दिसतो ते शोधा. पोरं कागद धरून देवळाला फेऱ्या घालत होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोरगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, हा फोटू कोनं काढला? त्याचं गाव कोनतं?"

नाव मला सांगता आलं: रॉबर्ट गिल. पुढचं काही सांगता आलं नाही. तेवढ्यात एक पोरगा ओरडला, "त्यानंच अजिंठा शोधला ना मॅडम!" ते चूक आहे एवढं मला माहीत होतं. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये मद्रासच्या घोडदळातल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने शिकारीला आलेला असताना पाहिली. गिल तिथे आला तो पंचवीस वर्षांनी. पण चूक काय ते सांगणं आणि बरोबर काय ते सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मला जमली नाही. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही.

आम्ही दर महिन्याला शाळेत भित्तीपत्रक काढतो. पुढच्या अंकात गिलची एका पानाची ओळख द्यायची आहे. आतापर्यंत जमलं ते असं. जन्म १८०४, लंडन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत, ४४ व्या नेटिव्ह इन्फंट्रीत अधिकारी. १८४४ मध्ये कंपनीने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं आणि पुढे जवळजवळ वीस वर्षं तो तेच काम करत होता. अजिंठा गावातल्या बारादरीत राहायचा. त्याने रंगवलेली मोठमोठी चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि त्यातली बहुतेक सगळी जळाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. वीस वर्षं माणसाने दिव्याच्या उजेडात रंगवायचं आणि ते एका रात्रीत जायचं.

आता अडचण. मृत्यूचं साल कुठे १८७५ दिसतं, कुठे १८७९. दोन्ही तर खरं असू शकत नाही. दुसरं, १८६४ ची दोन पुस्तकं त्याच्या नावावर सांगतात. मग त्याला लेखक म्हणायचं का? तिसरी पारो, म्हणजे अजिंठ्याची ती बाई जिच्यावर गिलचं प्रेम होतं असं सांगतात. नेटवर गिलचं नाव टाकलं की निम्मी पानं पारोचीच येतात. कविता झाली, सिनेमा झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मलाही ती गोष्ट वाचून भरून आलं. पण सातवीच्या पोरांपुढे मांडताना गोष्ट कुठे संपते आणि नोंद कुठे सुरू होते ते मला कळलं पाहिजे.

एका मोठ्या ग्रंथालयात विचारायला गेले होते. "पीएचडी करताय का?" म्हणाले. नाही म्हटल्यावर बोलणंच संपलं. म्हणून इथे विचारते आहे.

जुने_दप्तर (दर्यापूर)

बाई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझी सगळी नोकरी अभिलेख कक्षात गेली, जुने कागद शोधायची सवय आहे. गिलच्या बाबतीत लोक का अडकतात ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सोपं होतं.

हा माणूस एका सरकारचा नोकर, दुसऱ्याच्या मुलखात राहणारा, तिसऱ्याच्या हद्दीत फोटो काढणारा आणि चौथीकडे पुरलेला आहे. नोकरी मद्रास फौजेची. अजिंठा गाव निजामाच्या राज्यात. लोणार-मेहकर म्हणजे आपला वऱ्हाड, तो १८५३ च्या तहाने निजामाने कंपनीच्या ताब्यात दिलेला, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीकडे. आणि भुसावळ, जिथे त्याची कबर आहे, ते खानदेशात, म्हणजे मुंबई इलाख्यात. एकाच माणसाचे कागद चार दप्तरांत विखुरलेले. कोणी मुंबईच्या यादीत शोधतं, नाव सापडत नाही, आणि "नोंदच नाही" म्हणून सोडून देतं.

जन्मासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेलं इंडिया ऑफिसचं दप्तर बघायचं. कंपनीत कॅडेट म्हणून भरती होताना प्रत्येक मुलाला वयाचा पुरावा द्यावा लागे, बहुतेक वेळा बाप्तिस्म्याचा दाखला. ते कॅडेट पेपर्स आजही आहेत. एक लक्षात ठेवा, बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नसते. मूल कधी आठ दिवसांचं असे, कधी दोन वर्षांचं. गिलसाठी २६ सप्टेंबर १८०४ ही जन्मतारीख दिली जाते. भित्तीपत्रकात तीच द्या.

मृत्यूसाठी दफनाची नोंद. हिंदुस्थानातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या तीन मालिकांत आहेत: एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. गिलचा घरसंसार शोधायचा तर एन/२, कारण पलटण मद्रासची. मृत्यू शोधायचा तर एन/३, कारण भुसावळ मुंबईकडे. एवढा एक धागा धरला की निम्मं काम होतं.

१८७५ की १८७९? १८७९ धरा, एप्रिल महिना. कबर भुसावळला आहे आणि आता अभ्यासक हेच साल देतात. १८७५ जुन्या छापील पुस्तकांमधून फिरत राहिलं. दहा पुस्तकांत एकच साल दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले असं आपल्याला वाटतं. पण नऊ जणांनी पहिल्यावरून उतरवलं असेल तर तो पुरावा एकच. मरणाच्या आठवड्यात लिहिलेली ओळ पुढे छापलेल्या चरित्रकोशापेक्षा कधीही भारी.

घरबसल्या बघायचं तर फॅमिलीसर्चवर हिंदुस्थानातल्या बाप्तिस्म्यांच्या आणि दफनांच्या सूची फुकट आहेत, फक्त खातं उघडावं लागतं. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणारी फिबिस नावाची संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावरही नाव टाकून शोधता येतं. कंपनीच्या फौजेच्या वार्षिक याद्या आर्काइव्ह डॉट ऑर्गवर आहेत. त्यात साल लावून एकेक चाळली की माणूस कॅप्टन केव्हा झाला, मेजर केव्हा झाला ते कळतं. हे कशाला पाहिजे? जुनी वर्तमानपत्रं शोधताना "मेजर गिल" टाकलं तर १८४४ चं काहीच येणार नाही, तेव्हा तो कॅप्टन होता. शिवाय रॉबर्ट गिल हे नाव इंग्लंडात काही विरळ नाही. पलटणीचा आकडा जुळल्याशिवाय दुसऱ्याच गिलचं लग्न आपल्या गिलला लावू नका.

स्पेलिंगचंही तसंच. अजिंठा तेव्हा इंग्रजीत "अजुंता" असा लिहीत. मेहकर आणि भुसावळही दोन-तीन तऱ्हेने लिहिलेले सापडतात. आणि आपला बुलढाणा जिल्हा १८६० च्या दशकात काही काळ मेहकर जिल्हा म्हणून ओळखला जात होता. त्यामुळे त्या वर्षांत बुलढाणा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. वऱ्हाडातल्या फोटोंबद्दलचा सरकारी पत्रव्यवहार शोधायचा तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ बघा. रेसिडेंटकडून गेलेले कागद तिथे आहेत.

आता लेखकाचं. १८६४ च्या दोन्ही पुस्तकांच्या शीर्षकपानावर सरळ लिहिलंय: फोटो मेजर गिलचे, वर्णन जेम्स फर्ग्युसनचं, म्हणजे हिंदुस्थानातल्या जुन्या वास्तूंच्या इंग्रज अभ्यासकाचं. एक लेण्यांवरचं, त्यात ७४ फोटो. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातली वास्तू आणि निसर्ग यांचे १०० स्टिरिओस्कोपिक, म्हणजे यंत्रातून बघितल्यावर खोली दिसणारे जोडफोटो. तेव्हा गिल या पुस्तकांचा कर्ता आहे, पण त्याने लिहिली असं म्हणू नका. शब्द फर्ग्युसनचे. आणि मुळात गिल अजिंठ्याला आला त्याचं कारणही फर्ग्युसनच. चित्रं नष्ट होतायत, नकला करून घ्या, असा आग्रह त्याने १८४३ मध्ये लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे धरला, त्यानंतर कंपनीने हुकूम काढला.

घाटाखालचा

बाई नमस्कार. मी मोताळ्याकडला. तीस वर्सं भुसावळले रेल्वेत काढले, आता घरी वावर पाह्यतो. मले पुस्तकायचं काही समजत नाई, पन मेजर गिलची कबर मी पाह्यली हाये. भुसावळले इंग्रजायचं जुनं कब्रस्तान हाये, तिथं. आमच्या ड्युटीच्या रस्त्यावरच पडे. आमच्यातला एक जुना ड्रायव्हर सांगे का हा अजिंठ्याचा साहेब. तवा आमाले वाटे का असंन कोनी. तुमचं वाचलं अन् त्या पोरीचा सवाल वाचला, तर म्हटलं आपन इतके वर्सं त्या कबरीच्या बाजूनं गेलो अन् एकदा बी थांबून वाचलं नाई.

तो भुसावळले कसा मेला, त्याचं बी सांगतो. अजिंठ्याहून घाट उतरला का खानदेश. आजारी मानूस तिकडंच नेत, भुसावळले रेल्वे व्हती, दवाखाना व्हता. दवाखान्यात नेतानी वाटेतच गेला असं सांगतात.

आता कामाचं. तुमी कबरीवर जासान तर दगडावर खडू घासू नोका. लोकं अक्षरं दिसाव म्हनून खडू घासतात, चुना फासतात, कोनी तर ॲसिडनं धुतात. दगड खराब होते. सकायी सकायी जा. ऊन तिरपं पडलं का खोदलेल्या अक्षरात सावली भरते, आपोआप उठून दिसते. उशीर झाला अन् ऊन डोक्यावर आलं तर एक आरसा घ्या, बाजूले धरून उजेड दगडावर आडवा पाडा, अन् मंग फोटू काढा. आमचा एक गार्ड आपल्या आजीच्या समाधीचा फोटू असाच काढे. दगडाले हात लावाचं काम नाई.

काचेचा_कॅमेरा (चिखली)

बाई, फोटोंबद्दल मी सांगतो, कारण माझा धंदाच तो आहे. लग्नाचे फोटो काढतो, पण वीस वर्षांपासून जुन्या पद्धतींचा नाद आहे.

गिलला लोक चित्रकार म्हणून ओळखतात. पण १८५६ च्या सुमारास त्याच्या हाती स्टिरिओस्कोपिक कॅमेरा आला आणि तिथून माणूस बदलला. या कॅमेऱ्याला शेजारी शेजारी दोन भिंगं असतात, आपल्या दोन डोळ्यांसारखी. दोन किंचित वेगळे फोटो एका पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि चष्म्यासारख्या यंत्रातून बघायचे, की खांब पुढे आणि गाभारा मागे असं खोल दिसतं. लेणं आणि देऊळ दाखवायला याहून चांगलं काही नव्हतं.

त्या काळी काम कसं चाले ते पोरांना नक्की सांगा. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत परत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. मी हे चिखलीत फेब्रुवारीत करून पाहिलंय. चार काचांतल्या तीन वाया गेल्या, उन्हाने द्रव आधीच वाळला. धूळ बसली की प्रत्येक कण फोटोत ठिपका होऊन येतो. बैलगाडीवर काचा, बाटल्या आणि तंबू लादून लोणारच्या रस्त्याने जाणं काय असेल याचा विचार करतो तेव्हा माझा हात आपोआप जोडला जातो.

लोणारखेरीज मेहकरच्या जुन्या धर्मशाळेचाही त्याचा फोटो आहे. तुमच्या पोरांच्या गावाजवळचा! तो छापून घ्याच. आणि एक खेळ करा. गिल जिथे उभा होता ती जागा शोधायला लावा. फोटोत जवळचा एखादा खांब मागच्या भिंतीच्या कोणत्या दगडाला झाकतो ते बघायचं. आपण डावीकडे सरकलो की खांब उजवीकडे सरकल्यासारखा दिसतो, उजवीकडे सरकलो की उलट. फोटोतल्यासारखं जुळलं की बाजूची रेषा सापडली. मग पुढे-मागे सरकून खांबाची उंची जुळवायची. दोन्ही जुळलं की तुम्ही त्याच्या तिपाईच्या जागी उभे आहात. मी दैत्यसूदनला हे केलं, तास लागला, आणि तिथे उभा राहिल्यावर वाटलं की दीडशे वर्षांपूर्वी हीच माती त्याच्या बुटाला लागली असेल.

आगीबद्दल तुम्ही लिहिलंत. चित्रं जळाली, काही थोडी वाचली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पण फोटो वाचले. एका काचेपासून अनेक प्रती निघतात म्हणून वाचले. आणखी एक घोटाळा टाळा: नेटवर "गिलची अजिंठा चित्रं" म्हणून फिरणारी पुष्कळ चित्रं जॉन ग्रिफिथ्सची आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याने १८७२ पासून पुढे नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या.

पैनगंगाकाठची_बाई

तुम्हा तिघांचे उपकार कसे फेडू कळत नाही. दप्तर काका, चार सरकारांचं तुम्ही सांगितलं ते मी फळ्यावर नकाशा काढून पोरांना दाखवलं. आपण वऱ्हाडी आहोत, पण वऱ्हाड निजामाकडून कंपनीकडे गेला हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

पारोचं मात्र कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच मागच्या रविवारी अजिंठ्याला जाऊन आले. मेहकरहून पहाटेची एसटी धरली. गावातला तो दगड पाहिला. त्यावर 'माझी प्रिय पारू' हिच्या स्मृतीसाठी अशी ओळ आहे आणि मृत्यूची तारीख २३ मे १८५६. इंग्रजी अक्षरं वाचली तर "पारू" असंच निघतं, "पारो" नाही. मी तिथे बराच वेळ बसले. माझ्या आजीचं नाव पार्वती. सगळं गाव तिला पारू म्हणायचं, तिच्या रेशनकार्डावरही तेच होतं. दगडावर बापाचं नाव नाही, गाव नाही, वय नाही, कशाने गेली तेही नाही. गावात विचारलं तर तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या, आणि तिघेही इतक्या मायेने सांगत होते की मी कोणालाच मध्ये टोकलं नाही.

पोरांसाठी मी असं लिहायचं ठरवलंय: अजिंठ्याला पारू नावाची एक बाई गिलच्या आयुष्यात होती, त्याला ती प्रिय होती, ती २३ मे १८५६ ला वारली आणि त्याने तिच्यासाठी दगड बसवला. गिल अजिंठ्याला आला तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं, हेही लिहिणार. पोरं लहान आहेत म्हणून ते वगळावं असं आमच्या एका सहकाऱ्याचं मत पडलं. मला पटलं नाही. अर्धं सांगितलं की पुढे दुसरीकडून कळतं आणि मग पोरं आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत.

जुने_दप्तर (दर्यापूर)

अगदी बरोबर ठरवलंत. "पारू" हाच शब्द ठेवा. फक्त "एक बाई होती" याऐवजी "जिच्या नावाचा दगड आहे ती पारू" असं लिहिलंत तर तिचं नाव आधी येईल.

पैनगंगाकाठची_बाई

बदलला शब्द. आजच.

आणि घाटाखालचे भाऊ, शनिवारी आमची शाळा सकाळची असते. त्या पोरीला आणि तिच्या आईला घेऊन संध्याकाळपर्यंत मलकापूरला येते, रात्री माझ्या मावशीकडे राहतो. रविवारी सकाळी ऊन तिरपं असताना भुसावळला पोचायला मलकापूरहून कोणती गाडी धरू? तारीख दगडावरून तिलाच उतरवायला लावणार आहे.

घाटाखालचा

पहिली पॅसेंजर धरा बाई, मी मलकापूर टेसनावर उभा राह्यतो. एक्सप्रेसची वाट पाहू नोका, ते उशिरानं येते अन् ऊन डोक्यावर जाते. आरसा मी घेऊन येतो. पोरीले पेन्सिल अन् जाड कागद आनाले सांगजा.